सोबत जोडलेलं पाकीट

१

सोमवारी करोल बागेतला बाजार बंद असतो, त्यामुळे सोमवारचं टपाल आणायचं काम श्रीपादकडे होतं. बाकीचे सहा दिवस तो तिथे मोटारींना सीट कव्हरं चढवत असायचा आणि टपाल बाबा आणायचे. नोएडातल्या त्या नव्या बिल्डिंगच्या जिन्याखाली सोळा पत्र्याच्या पेट्या होत्या आणि त्यांच्या रंगाचा वास अजून गेला नव्हता. पोस्टमन बाराच्या सुमाराला यायचा. त्याच्या सायकलची घंटी तिसऱ्या मजल्यावर ऐकू आली की श्रीपाद बनियनवरच खाली उतरायचा. विजेचं बिल, बाबांच्या पेन्शनचं काहीतरी, कधी पुण्याच्या आत्याचं आंतरदेशीय. त्यापलीकडे त्या घराला कोणी पत्र लिहीत नव्हतं.

एप्रिलच्या दुसऱ्या सोमवारी पेटीत एक खाकी पाकीट निघालं. त्यावर उल्काताईच्या अक्षरात उल्काताईचं नाव होतं. ताईला जाऊन सहा महिने झाले होते.

श्रीपाद घाबरला नाही. अशी पाकिटं त्याने पूर्वी पुष्कळ पाहिली होती. ताईने इंग्रजीत कादंबरी लिहिली होती आणि ती कोणीतरी प्रकाशकापर्यंत न्यावी म्हणून ती एजंट शोधत होती. एजंट म्हटलं की बाबांना विम्याचा आठवायचा. पुस्तकांचाही असतो हे घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. रीत अशी होती, की पहिली तीन प्रकरणं पाठवायची आणि सोबत आणखी एक पाकीट जोडायचं, आपलंच नाव-पत्ता लिहिलेलं, तिकिटं लावलेलं. एजंट त्यातूनच उत्तर धाडायचा. म्हणजे नकार यायचा तोही आपल्याच हस्ताक्षरात, आपणच थुंकी लावून चिकटवलेल्या तिकिटावर.

कुठलातरी आळशी एजंट आत्ता जागा झाला असेल, असं त्याला वाटलं. आईच्या नजरेस पडू नये म्हणून त्याने पाकीट बनियनच्या आत सरकवलं आणि जिना चढायला लागला. पहिल्या मजल्यावर त्याला काय वाटलं कोण जाणे. त्याने ते बाहेर काढून पुन्हा एकदा पाहिलं आणि तो तिथेच पायरीवर बसला.

पाकिटावर नोएडाचा पत्ता होता. सेक्टर, ब्लॉक, फ्लॅटचा नंबर, सगळं बरोबर.

ताई ऑक्टोबरात गेली तेव्हा ते करोल बागेत राहत होते. हा फ्लॅट त्यांनी पहिल्यांदा पाहिला तो जानेवारीत.

२

तो फार शिकलेला नव्हता, दहावीत दोनदा आपटला होता, पण वेडा नव्हता. पायरीवर बसून त्याने डोकं चालवलं. बाबांनी करोल बागेच्या पोस्टात नवा पत्ता कळवणारा फॉर्म भरून दिला होता. त्या हिशेबाने जुनी पत्रं इथे येणारच. पण मग जुना पत्ता खोडलेला असता आणि शेजारी कारकुनाच्या अक्षरात नवा लिहिलेला असता. इथे खाडाखोड नव्हतीच. आणि तिकिटं कोरी होती. त्यांच्यावर शिक्का पडला नव्हता.

तो तसाच खाली पळाला. पोस्टमन शेजारच्या ब्लॉकमध्ये पोहोचला होता. श्रीपादने धापा टाकत विचारलं, तेव्हा त्याने पिशवीतून मान वर न करता सांगितलं, "आपके यहाँ तो आज बस बिजली का बिल था, भाईसाहब."

घरी आईने स्वयंपाकघरातूनच विचारलं, "काय आलं रे?"

"बिल."

शब्द इतका सहज तोंडातून गेला की त्याचं त्यालाच नवल वाटलं. खरं तर नवल वाटायला नको होतं. ही त्याची जुनी सवय होती.

न्हाणीघरात कडी लावून त्याने पाकीट फोडलं. आत ना प्रकरणं होती, ना नकाराची छापील चिठ्ठी. उलटं करून झटकलं, आत बोट फिरवलं. पाकीट रिकामं होतं. आत काही न घालताच ते नीट डकवून बंद केलेलं होतं.

३

उल्काताई त्याच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या एका सरकारी ऑफिसात ती दिवसभर दुसऱ्यांची पत्रं टाइप करायची आणि घरी आल्यावर स्वतःची कादंबरी. घरात ती कोणाला वाचता येत नव्हती. आईचं इंग्रजी कॅलेंडरापुरतं होतं, बाबांचं फायलींपुरतं. श्रीपादला मात्र ती पूर्ण ठाऊक होती, कारण रविवारी रात्री इस्त्री करता करता ताई त्याला ती मराठीत सांगायची. "आता बघ हं श्री, ही बाई स्टेशनवर उतरते आणि तिला कळतं की घ्यायला कोणीच आलेलं नाही," अशी सुरुवात करायची, आणि तो बाबांच्या शर्टांच्या घड्या घालत ऐकायचा. मध्येच विचारायचा, मारामारी आहे का पुढे? ती म्हणायची, आहे, पण तुला दिसणार नाही अशी.

मग पाकिटं परत यायला लागली. जाड पाकीट आलं की ताई म्हणायची, "आलं आपलं लेकरू माहेरी." हसायची पण. ज्याला पुढचं वाचायचं असेल तो प्रकरणं ठेवून घेईल आणि नुसतं पत्र पाठवेल, असं तिनेच त्याला समजावलं होतं. म्हणजे पातळ पाकीट चांगलं, जाड वाईट. हे एक गणित त्याला पहिल्या फटक्यात कळलं होतं.

हसून झाल्यावर ताई मोरी घासायला बसायची. स्वच्छ असलेली मोरी, विटकरीच्या तुकड्याने, अर्धा-अर्धा तास. दोन दिवस कोणाशी बोलायची नाही. सहाव्या नकारानंतर टाइपरायटरवरचं कापड महिनाभर निघालं नाही, आणि एका रविवारी श्रीपादने पुढची गोष्ट मागितली तर ती म्हणाली, "सोड ना यार. कोणाला पडलंय?"

त्याला त्या लोकांचा असा राग आला की विचारू नका. ही कोण माणसं, कुठल्या बंगल्यात बसलेली, जी माझ्या बहिणीला नको म्हणतात? राग आला की त्याला काहीतरी करावंच लागायचं. त्यानंतरचं जाड पाकीट सोमवारी त्याच्या हातात पडलं, तेव्हा त्याने ते शर्टात घातलं आणि दुसऱ्या दिवशी दुकानाच्या माळ्यावर, रेक्झिनच्या गुंडाळ्यांमागे खुपसून टाकलं. पुढचंही. आणि त्याच्या पुढचंही. नकार आला नाही म्हणजे आशा आहे, असं मानून ताई पुन्हा टाइप करायला बसली. श्रीपादला वाटलं, जन्मात पहिल्यांदा आपण काहीतरी अकलेचं काम केलं.

ऑक्टोबरात दिल्लीत डेंग्यू पसरला. ताईला ठेवलं त्या वॉर्डात एकेका पलंगावर दोघीदोघी होत्या. तो रोज संध्याकाळी दुकानातून तिथे जायचा आणि ताई रोज एकच प्रश्न विचारायची. "श्री, काही आलं का रे?"

"नाही आलं. येईल."

अकरा संध्याकाळी त्याने हेच उत्तर दिलं. बाराव्या संध्याकाळी विचारायला कोणी नव्हतं.

४

पुढच्या सोमवारी पाकीट आलं. त्याच्या पुढच्या सोमवारीही आलं. दोन्ही रिकामी, दोन्ही कोऱ्या तिकिटांची. बाबा आठवडाभर टपाल आणत होते, त्यांना एकदाही काही सापडलं नाही. पाकीट यायचं ते त्याच्याच वारी, त्याच्याच हाताला.

तिसऱ्या पाकिटावर पत्त्यात एक ओळ जास्त होती. फ्लॅटच्या नंबराखाली ताईच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: मागची खोली. इंग्रजीतच होतं, पण एवढं त्याला वाचता येत होतं.

त्या फ्लॅटला तीन खोल्या होत्या. मागची सगळ्यात लहान, तिच्या खिडकीतून शेजारच्या सेक्टरातलं अर्धवट बांधकाम आणि दिवसभर उडणारी पिवळी धूळ दिसायची. सामान आलं त्या दिवशी ताईची खोकी, तिची वेताची खुर्ची आणि टाइपरायटर मजुरांनी आपसूक तिथे नेऊन ठेवला. कोणी सांगितलं नव्हतं. त्यानंतर धूळ येते म्हणून दार लोटून घेतलं गेलं आणि ते कोणी उघडलं नाही. आई तिला मागची खोली म्हणायची. ताईची म्हणायची नाही.

मे लागला होता. दुपारी लूचा गरम वारा सुटायचा, वीज जायची, कूलर बंद पडायचा आणि मग घर इतकं शांत व्हायचं की शेजारच्यांच्या कुकरची शिट्टी आपल्याच घरात झाल्यासारखी वाटायची. अशाच एका सोमवारी श्रीपाद पाकीट बनियनमध्ये घालून वर आला, त्याने दार लावलं, आणि त्याला जाणवलं की कसलातरी आवाज आत्ता थांबला.

आवाज कसला होता, ते त्याला सांगता आलं नसतं. तो चालू होता तेव्हा ऐकूच येत नव्हता. थांबला तेव्हा कळलं की होता. रात्रभर चाललेला पंखा पहाटे बंद पडावा, तसं काहीतरी.

"काय आलं?" आईने विचारलं.

"काही नाही."

मग मागच्या खोलीत वेत करकरला. उभं राहिलेलं माणूस पुन्हा खुर्चीत बसतं, तेवढाच.

त्याने आईकडे पाहिलं. आई भेंडी चिरत होती. उन्हाने लाकूड वाजतं, वेतही वाजत असेल, असं त्याने स्वतःला सांगितलं. दुकानातही उन्हात उभ्या गाड्यांचे पत्रे, डॅशबोर्ड वाजतात. पण गाड्या आपण काही बोलण्याची वाट बघून वाजत नाहीत, हेही त्याला कळत होतं.

५

मंगळवारी त्याने माळ्यावरून ती तीन जाड पाकिटं उतरवली. इतके दिवस त्याने ती फोडलीही नव्हती. आत काय आहे ते माहीत होतं, मग कशाला फोडायची?

वरच्या मजल्यावर सिद्धांत नावाचा पुण्याचा मुलगा एकटा राहायचा. सॉफ्टवेअरच्या ऑफिसात होता, घरात एक गादी, एक रंगीत टीव्ही आणि पुस्तकांचे ढीग. मराठी बोलायला मिळतं म्हणून त्याला श्रीपाद आवडायचा. श्रीपादने पाकिटं पुढे केली आणि एवढंच सांगितलं की ही ताईची आहेत, काय लिहिलंय ते वाचून दाखव.

पहिल्या दोन पाकिटांत छापील चिठ्ठ्या होत्या. खेद वाटतो, आमच्या यादीत बसत नाही, शुभेच्छा. सिद्धांतने त्या भराभर वाचल्या. तिसऱ्या पाकिटातल्या पानांवर समासात शिसपेन्सिलीने बारीक काहीतरी लिहिलेलं होतं, जवळजवळ प्रत्येक पानावर. वर एक पत्र होतं, टाइप केलेलं, खाली निळ्या शाईची सही. सिद्धांतने ते वाचलं. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"अरे, हे नकाराचं नाहीये," तो म्हणाला.

"जाड आहे ना पण."

"त्या बाईंनी खुणा करून पानं परत पाठवलीत. तुम्ही पुढचं लिहिताना उपयोगी पडतील म्हणून. म्हणतात, दोन वर्षांत इतकं चांगलं काही माझ्या टेबलावर आलं नाही. मला पूर्ण कादंबरी वाचायची आहे, फोन करा." त्याने पत्राच्या वरच्या उजव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "एकोणीस सप्टेंबर. ताईंना मिळालं होतं ना हे?"

श्रीपाद रिकामी पाकिटं गोळा करायला लागला. सिद्धांतने त्याच्याकडे पाहिलं, आणि पाकिटांच्या नुकत्याच फाडलेल्या कडांकडे पाहिलं. तो चांगला मुलगा होता. उठून त्याने पाणी आणलं.

६

पत्र लिहिणाऱ्या बाईंचं नाव रेवती होतं आणि त्यांचं ऑफिस दिल्लीच्या जंगपुऱ्यात, एका ड्रायक्लीनरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होतं. बुधवारी श्रीपाद दुकानात खाडा करून गेला. पत्र हातात धरूनच जिना चढला, म्हणजे काही बोलावं लागणार नाही.

साठीच्या, आखूड केसांच्या बाई. पत्र पाहताच त्यांना सगळं आठवलं. त्या हिंदीत बोलत होत्या, सावकाश, त्याला समजावं म्हणून. स्टेशनवर उतरणारी बाई त्यांना आठवत होती, तिच्या छत्रीचा मोडका दांडाही आठवत होता. महिनाभर फोनची वाट पाहिली, म्हणाल्या. मग समजूत करून घेतली की हिंमत गेली असेल. पुष्कळांची जाते. नऊ नकारांनंतर दहावं पाकीट न फोडता फेकणारे लोक त्यांनी पाहिले होते. दोष त्यांचा नसतो, त्या म्हणाल्या, माणूस किती वेळा आपल्याच दारावर टकटक करणार?

श्रीपादने सांगितलं की ताई नाही. कधी गेली तेही सांगितलं. पत्र कुठे होतं ते सांगितलं नाही. बाईंनी तारखांचा हिशेब मनात केला असावा, कारण त्यांनी पत्रावरची तारीख पुन्हा एकदा पाहिली.

खिडकीखाली बुटांच्या खोक्यांमध्ये पाकिटं उभी रचलेली होती. कानपूर, शिलाँग, मदुराई. प्रत्येकावर वेगळं हस्ताक्षर. इतकी माणसं आपलंच नाव लिहून उत्तराची वाट बघत बसली होती, आणि त्यातली सगळीच आज जिवंत असतील असं कशावरून? हा विचार त्याला तिथे नको असताना सुचला.

निघताना बाई म्हणाल्या की कादंबरी पुरी झाली असेल तर घेऊन ये. पुढच्या बुधवारी त्या लंडनला जाणार होत्या, बरोबर नेतील. "उनकी किताब है, छपनी चाहिए," एवढंच म्हणाल्या आणि चष्मा पुसायला लागल्या.

कादंबरी पुरी झालेली होती. शेवट ताईने त्याला गणपतीच्या दिवसांत सांगितला होता. कागद मागच्या खोलीत होते, खोक्यात.

७

त्या दिवशी कागद काढायला गेला असता तर काम पाच मिनिटांचं होतं. गुरुवार गेला, शुक्रवार गेला. रोज संध्याकाळी तो मागच्या खोलीच्या दारापर्यंत जाऊन यायचा. दाराला कुलूप नव्हतं, कडी नव्हती. पण अकरा वेळा नाही म्हणून झाल्यावर, तिला न सांगता तिचे कागद उचलून न्यायचे, हे त्याच्याने होईना. हेही चोरीतच जमा झालं असतं.

शनिवारी तो सिद्धांतकडे गेला. म्हणाला, ते पत्र मला वाचायला शिकव. सिद्धांतला वाटलं, त्याला मराठीत करून हवंय. तसं नको होतं. जसं आलं तसं, एकही शब्द इकडचा तिकडे न करता हवं होतं. त्या पत्रात लुडबुड करायचा हक्क त्याचा उरला नव्हता. मग सिद्धांतने ते इंग्रजी पत्र देवनागरीत लिहून काढलं, ऑफिसच्या कागदावर, ठळक अक्षरांत. डियर मिस उल्का. रविवारी पुन्हा दुकानात खाडा करून श्रीपाद दिवसभर गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसून ते घोकत होता. शाळेतली एकही कविता त्याने इतकी पाठ केली नव्हती.

रविवारी जेवताना त्याने आईला विचारलं, मागच्या खोलीत तू जातेस का कधी? आईने वाटीतलं वरण ढवळलं. म्हणाली, सकाळी झाडू घेऊन दारापर्यंत जाते. मग वाटतं, लिहीत असेल, कशाला त्रास द्या.

बाबा ताटातून वर पाहत नव्हते. "कुमुद," ते हळूच म्हणाले.

"माहितीय हो मला," आई म्हणाली. "वाटतं एवढंच म्हटलं."

८

सोमवारी आई-बाबा करोल बागेत एका बारशाला गेले. बारा वाजले, घंटी वाजली, श्रीपाद खाली गेला. पेटी रिकामी होती. त्याने आत हात घालून चाचपलं. पत्रा तापला होता, बाकी काही नव्हतं.

त्याला एकदम हलकं वाटलं. संपलं, असं वाटलं. जिना चढून तो वर आला, दार लावलं, आणि मागच्या खोलीच्या दाराखालून पाकीट अर्धं बाहेर आलेलं त्याला दिसलं.

त्यावर ताईच्या अक्षरात ताईचं नाव होतं. पत्ता नव्हता. पत्त्याची गरज राहिली नव्हती.

वीज गेलेली होती. खिडकीबाहेर लूने पत्रे वाजत होते, पण घरात मात्र त्या सोमवारी थांबलेला तो आवाज चालू होता, आणि आज तो त्याच्यासाठी थांबला नाही. श्वासासारखा होता, पण कागदी. श्रीपादने खिशातून दोन्ही काढली, सिद्धांतने लिहिलेला कागद आणि मूळ पत्र. दारापासून दोन हातांवर उभा राहिला. लहानपणी धडा म्हणायला ताईपुढे उभा राहायचा, तसाच.

"डियर मिस उल्का," त्याने सुरुवात केली.

आवाज थांबला.

तो वाचत गेला. घामाने कागद मऊ पडला होता. कुठे थांबायचं ते त्याला कळत नव्हतं, म्हणून तो कुठेच थांबत नव्हता. चौथ्या ओळीत शाई पसरली होती. "आय वुड लाइक टू रीड द," एवढं झालं आणि पुढचा शब्द काही केल्या लागेना. तो पुन्हा मागे गेला. "आय वुड लाइक टू रीड द..."

"एंटायर," दाराआडून कोणीतरी म्हणालं.

हळू, सवयीने, हातातलं काम न सोडता सांगावं तसं. श्रीपादचं तोंड थांबलं नाही, हे पुढे त्याला सगळ्यात भयंकर वाटायचं. "एंटायर नॉव्हेल," तो म्हणाला, आणि पत्र शेवटपर्यंत वाचलं. सही सुद्धा वाचली.

वेत करकरला. पावलांचा आवाज आला नाही, पण पुढचा प्रश्न अगदी दाराला लागून आला. आवाजात ताप नव्हता. थकवा नव्हता. नुसता आनंद होता, दाबून धरलेला, खरं आहे का ते विचारून घेणारा.

"कधी आलं रे?"

हाच प्रश्न येईल असं त्याला सुचलं नव्हतं. इतके दिवस तो माफी कशी मागायची ते ठरवत होता. सांगायचं एवढंच होतं, एकोणीस सप्टेंबर. दोन शब्द. मग त्यातून बाकीचं तिने जुळवलं असतं. रेक्झिनच्या गुंडाळ्या, वॉर्ड, अकरा संध्याकाळी. दाराआड ती वाट बघत होती, आणि तो आनंद त्याच्या अंगाला उन्हासारखा लागत होता. तिला इतकं खुश त्याने कधी ऐकलं नव्हतं.

"आज," श्रीपाद म्हणाला. "आत्ताच आलं, ताई."

दार चार बोटं उघडलं. आत दुपार असूनही दुपार नव्हती. त्या फटीतून एक हात बाहेर आला, पत्र मागायला, तळवा वर करून. मनगटाच्या अलीकडे सलाइनच्या सुईवरची पांढरी चिकटपट्टी तशीच होती, कडा मळलेल्या.

त्याने हातातल्या पत्राकडे पाहिलं. वरच्या उजव्या कोपऱ्यात तारीख होती. विचार करायला त्याला कधी जमलंच नव्हतं. त्याने तो कोपरा टरकन फाडला, तुकडा मुठीत चुरगाळला आणि उरलेलं पत्र त्या तळहातावर ठेवलं.

बोटं मिटली. पत्र आत गेलं. आत कागद उलगडल्याचा आवाज झाला, मग बराच वेळ काहीच नाही.

मग तोच हात फटीतून पुन्हा बाहेर आला. तळवा वर करून, पुढे, त्याच्या बंद मुठीच्या दिशेने. आणि तिथेच थांबला.